नव्या बर्फाचे पहिले दिवस

रात्रभर वारा पडलेला, आभाळ निरभ्र, पारा उणे १० च्या आसपास. तळं धरायला, म्हणजे वर बर्फाचा थर जमायला, याहून चांगली रात्र नाही. अशा रात्री जमलेला बर्फ काळा दिसतो, म्हणजे खरं तर पारदर्शक असतो आणि खालचं अंधारं पाणी दिसतं. स्केटिंगला हाच उत्तम. त्यातल्या उभ्या भेगेत वाकून बघितलं, तर थर किती खोल गेलाय याचा अंदाजही येतो.

पण तळं सगळीकडे एकदम गोठत नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. खोल भागात वरचं पाणी गार होऊन खाली जात राहतं आणि गोठणं लांबतं. उथळ कोपरे कितीतरी आधी धरतात. वारा सुटला तर मोठ्या तलावाचा मध्य आणखी मागे राहतो. काठाशी १२ सेंमी आणि मध्यावर जेमतेम ४, यात नवल काही नाही. जाडी मोजायला काठावर एकच भोक पाडून पलीकडे निघणाऱ्यांचं मात्र नवल वाटतं.

दोन रात्रींत ५ सेंमी झाला, म्हणून चार रात्रींत १० होईल असं धरू नये. थर जाड होतो तशी खालच्या पाण्यातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. थंडी तेवढीच राहिली तर दुप्पट जाडीला साधारण चौपट वेळ. त्यात वर हिम पडलं की वाढ फारच मंदावते. हिमाच्या वजनाने थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं, हिम भिजतं आणि गोठून पांढरा बर्फ होतो. तो हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो, म्हणून ताकद काळ्याच्या निम्मीच धरायची. काळा १० सेंमी हवा, तर पांढरा २०.

मोजायला हातगिरमिट आणि खाली हूक असलेली पट्टी. हूक भोकातून घालून बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचा आणि वर जाडी वाचायची. दर ५० मीटरला एक भोक, आणि रंग बदलला की लगेच दुसरं. स्वीडनमधले लांब पल्ल्याचे स्केटर पोलादी अणीची जड काठी बर्फावर ठोकत जातात. एका दणक्यात अणी आरपार गेली की आल्या वाटेने मागे. कानही उघडे ठेवावेत. पातळ थर स्केटच्या पात्याखाली बारीक, चढ्या सुरात वाजतो, जाड थर खर्जात. कडाक्याच्या थंडीत ऐकू येणारे मोठे धडाके बहुतेकदा बर्फ आकसल्याचे असतात, त्यांनी नवखे उगाच घाबरतात. घाबरायचं ते चढत्या सुराला.

ओढा मिळतो ती जागा, पाणी बाहेर पडतं ती, पुलाखालची, लव्हाळ्यांच्या कडेची, जमिनीचं टोक आत शिरतं तिथली: या सगळ्या जागा टाळायच्या. भेग ओलांडताना आडवी ओलांडावी. तिच्या दिशेनेच गेलं तर पातं आत अडकतं.

बर्फात रोवायला टोकाशी खिळे बसवलेल्या, गळ्यात अडकवलेल्या दोन मुठी, फेकायची दोरी, पाठीवर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कोरडे कपडे. पिशवी घट्ट बांधली असेल तर ती तरंगायलाही मदत करते. आणि सोबत माणूस हवाच. पाण्यात पडलंच, तर पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा. त्यानंतर हात कामाचे राहतात ते साधारण १० मिनिटं. आलो त्या बाजूला वळायचं, कारण तिथल्या बर्फाने नुकतंच वजन पेललेलं असतं. मुठी रोवायच्या, पाय मारत आडवं व्हायचं, अंग वर खेचायचं. बाहेर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत दूर जायचं.

हिवाळा सरताना हे सगळे आकडे बाद. ऊन बर्फाच्या स्फटिकांच्या सांध्यांत शिरतं आणि थर उभ्या मेणबत्त्यांसारखा सुटा होतो. तेव्हा पट्टी ३० सेंमी दाखवेल, आणि दुपारी तोच बर्फ पायाखालून सुटेल.