नागपूरचं ऊन, ठाण्याचा पाऊस आणि घरातल्या गिटारी

आमच्या घरात तीन गिटारी आणि एक तानपुरा आहे. एक स्प्रूस लाकडाच्या टॉपची, म्हणजे पुढच्या पातळ फळीची, अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी), एक इलेक्ट्रिक, आणि तिसरी बाबांची हवाईयन गिटार, जी मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडीने वाजवतात. व्हॅन शिप्ले यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या फिल्मी गाण्यांच्या तबकड्या ऐकून बाबांनी ती तरुणपणी घेतली होती. तानपुरा सासूबाईंचा, मिरजेत घडवलेला. नागपूरहून ठाण्याला बदली झाली तेव्हा बाकी संसार ट्रकमध्ये चढला. ही चार वाद्यं नव्या घरात कुठे आणि कशी ठेवायची, हे ठरवायला मात्र एक अख्खा पावसाळा गेला.

गिटार ठेवण्याबद्दल कुणालाही विचारलं, की आधी स्टँडची चौकशी सुरू होते. मी आता उलटा क्रम सांगते. आधी घरातली हवा मोजायची, मग भिंत तपासायची, आणि हँगर किंवा स्टँड सर्वांत शेवटी घ्यायचा. अकूस्टिक गिटारच्या चांगल्या उत्पादकांची शिफारस साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ठाण्यात जुलैमध्ये ती ८५-९० टक्क्यांवर असते. म्हणजे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एकच गिटार दोन टोकांच्या हवेत राहते.

लाकूड ओलाव्याने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, पण ते रेषांना आडवं. लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. नागपुरात एप्रिल संपता संपता माझ्या अकूस्टिकच्या फ्रेटची, म्हणजे तारांखालच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं डाव्या हाताला टोचायला लागायची. फ्रेट धातूचे, ते होते तेवढेच राहतात. ते ज्या लाकडी पट्टीत बसवलेले असतात त्या फ्रेटबोर्डची रुंदी कमी होते आणि टोकं बाहेर डोकावतात. तिथे कूलर असायचाच, पण त्याच्या झोतात गिटार ठेवायची नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळलं. वाळ्याच्या ताटीतून येणारी ओली हवा एका बाजूला आणि खोलीतली कोरडी दुसऱ्या बाजूला, असा ताण पातळ लाकडाला सोसत नाही. ठाण्यात बरोबर उलटं झालं. पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसतं तसाच टॉप फुगला, त्यावर चिकटवलेला, तारा अडकवायचा ब्रिज किंचित वर उचलला गेला आणि तारा फ्रेटपासून उंच झाल्या. एका बोटाने सगळ्या तारा दाबून बार कॉर्ड धरताना बोटं दुखायला लागली. गिटारच्या मानेतला, म्हणजे नेकमधला, ट्रस रॉड (धातूची दांडी) फिरवून हे बरं होत नाही, कारण दोष नेकमध्ये नसतो, टॉपमध्ये असतो.

वाद्यं आणताना ती ट्रकमध्ये दिली नाहीत. उन्हात उभ्या ट्रकचा किंवा गाडीच्या डिकीचा पार भट्टीसारखा ताव होतो आणि ब्रिजखालचा गोंद उष्णतेने सैल पडतो. हार्ड केसमध्ये घालून, तारा एका स्वराने उतरवून, आम्ही त्या विदर्भ एक्सप्रेसने आणल्या. घरी आल्यावर केस लगेच उघडल्या नाहीत. दिवसभर बंद ठेवून आतलं लाकूड नव्या हवेला हळूहळू सरावू दिलं.

मग आर्द्रतामापक. छोटा डिजिटल मापक स्वस्तात मिळतो, पण तो खरं बोलतो की नाही हे आधी बघावं लागतं. त्याची घरगुती परीक्षा मला फार आवडते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यावर पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूइतकं भिजवायचं; मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवून पिशवी घट्ट बंद करायची आणि रात्रभर खोलीत राहू द्यायची. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझ्या मापकाने ७९ दाखवले, म्हणजे तो ४ टक्के जास्त सांगतो. तेवढे वजा करून वाचलं की झालं. मी तशी चिठ्ठीच त्याच्या पाठीवर चिकटवली आहे.

हा मापक मी घरभर फिरवला. हॉलमध्ये पंखा चालू असताना, बेडरूममध्ये एसी बंद केल्यावर, लोखंडी कपाटात, पलंगाखालच्या कप्प्यात, गिटारच्या केसमध्ये. सर्वांत वाईट आकडा आला तो कपडे वाळत घातलेल्या खोलीत. पावसाळ्यात बाल्कनीत कपडे वाळत नाहीत म्हणून आपण ते आत दोरीवर घालून पंखा लावतो, आणि त्या कपड्यांतलं सगळं पाणी खोलीच्या हवेत जातं. गिटार असलेल्या खोलीत ओले कपडे नाहीत, हा नियम घरात लागू केला तेव्हा यजमान थोडे कुरकुरले, पण मापक दाखवल्यावर त्यांनीच दोरी पलीकडच्या खोलीत हलवली.

एसीबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. तो हवा कोरडी करतो हे खरं, पण पावसाळ्यात बाहेर फारसं गरम नसतं. खोली लवकर थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि ओलावा काढणंही थांबतं. त्यानंतर खिडकी उघडली, की दमट हवा गार पडलेल्या भिंतींवर आणि वाद्यांवर येते. म्हणून मी ड्राय मोड वापरून पाहिला, त्याने थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो कॉम्प्रेसरच्या डीह्युमिडिफायरने, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणाऱ्या यंत्राने. लहान बेडरूमची दारं-खिडक्या बंद करून तो चालवला, की आर्द्रता ५५ ते ६० च्या दरम्यान राहते. त्याची पाण्याची टाकी रोज रिकामी करताना खोलीच्या हवेत किती पाणी होतं हे डोळ्यांना दिसतं. हातात मावणारे, कॉम्प्रेसर नसलेले, पेल्टिअर पद्धतीचे स्वस्त डबे मात्र खोलीसाठी घेऊ नका. एखाद्या छोट्या कपाटापुरते ते ठीक असतात, पण ठाण्याच्या पावसाळी खोलीपुढे त्यांचं काही चालत नाही.

डीह्युमिडिफायर परवडत नसेल तर हार्ड केस आणि सिलिका जेल. माझी इलेक्ट्रिक पहिल्या पावसाळ्यात अशीच राहिली आणि तिच्या फ्रेटवर गंज आला नाही. नारिंगी मण्यांचं जेल घ्यावं. ओलावा भरला की ते हिरवट होतं. निळ्या मण्यांत बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं, ते मी घरात आणत नाही. भरलेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवलं की पुन्हा कामाला येतं. केस मात्र नीट बंद होणारी हवी. साध्या कापडी गिगबॅगमध्ये जेल ठेवणं म्हणजे उघड्या खिडकीत ठेवणं, ते लगेच भरून जातं. चामड्याचा पट्टाही केसमध्ये ठेवू नये. बुरशी आधी त्याच्यावर चढते आणि तिथून अस्तरावर.

भिंतीचं काम त्यानंतर आलं. ठाण्यात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे आमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर वर्षी पोपडे धरतात. ती भिंत बाद. बाथरूमला लागून असलेली बाद, स्वयंपाकघराकडची तेलकट वाफेमुळे बाद. उरली हॉल आणि बेडरूमच्या मधली, बेडरूमच्या बाजूने. ऊन तिथे पोचत नाही आणि एसीचा झोतही थेट येत नाही. इलेक्ट्रिशियन ड्रिल घेऊन आला, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मॅडम, ही विटेची भिंत नाही, ब्लॉकची आहे. स्क्रूची साधी गिट्टी धरणार नाही, दोन महिन्यांत सैल होईल." नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकच्या असतात. त्याने ड्रिलचा हॅमर (ठोके देणं) बंद ठेवून भोकं पाडली, ब्लॉकसाठीचे खास प्लग बसवले, आणि भिंतीवर थेट हँगर न लावता आधी सागवानी फळी लावली. फळीला जास्त स्क्रू लागतात, भार वाटला जातो. अकूस्टिकचं वजन २ किलोच्या आसपास, इलेक्ट्रिक ४ पर्यंत जाते. पण भिंतीला त्रास होतो तो रोज काढता-घालताना बसणाऱ्या हिसक्याचा. हँगर लावल्यावर मी त्याला १० किलो तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेवली आणि मगच गिटार चढवली. भोकं पाडण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि खालची पट्टी सोडून द्यावी, वायरी तिथूनच जातात.

हँगरच्या काट्यावरच्या रबराकडेही लक्ष द्यावं लागतं. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या पॉलिशवर काही प्रकारचं रबर आणि व्हायनिल कायमचा डाग पाडतं. माझ्या इलेक्ट्रिकवर पॉलिएस्टरचा लेप आहे, तिला धोका नाही. बाबांच्या गिटारचं पॉलिश जुनं, म्हणून तिच्या काट्यांना सुती कापड गुंडाळलं आहे.

तारांवरून सासूबाईंशी माझी प्रेमाची चर्चा झाली. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात तारा उतरवून ठेव गं, तानपुऱ्याच्या तशाच उतरवतो आम्ही." तानपुऱ्यासाठी ते योग्यच आहे, आणि मिरजेच्या वाद्यांबद्दल त्यांच्या शब्दाला मी मान देते, तिथल्या सितार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. पण स्टीलच्या तारांची अकूस्टिक वेगळी. तिच्या सहा तारांचा ताण मिळून ७० किलोच्या आसपास असतो आणि नेकमधला ट्रस रॉड त्याच ताणाला तोलून धरतो. सगळ्या तारा काढून महिनोन्‌महिने ठेवली तर नेक उलटी झुकते. म्हणून वाजवायची गिटार मी सुरातच ठेवते, आणि फार दिवस केसमध्ये जाणार असेल तर एक स्वर खाली. तानपुरा मात्र गवसणीत, तारा सैल करून, त्याच कोरड्या खोलीत उभा असतो. गवसणी धूळ आणि धक्का अडवते. ओलावा अडवायला खोलीच कोरडी लागते.

गणपतीत घर माणसांनी भरतं, बेडरूममध्येही बिछाने पडतात, दारं सताड उघडी असतात. त्या दिवसांत भिंतीवरची गिटार उतरवून केसमध्ये जाते आणि केस कपाटावर. पाहुण्यांची लहान मुलं वाजवायला मागतात, त्यांना मी आनंदाने मांडीवर घेऊन वाजवू देते, पण वाद्य एकटं त्यांच्या हाती सोडत नाही. तिपाई स्टँड तर मी घरातून काढूनच टाकला. गुळगुळीत टाइल्सवर तो एका धक्क्यात सरकतो, आणि आडव्या पडलेल्या गिटारचा हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा वरचा भाग, मोडतो तो बहुतेक वेळा असाच.

अकूस्टिकचं सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवणं, पावसाळ्यात करून घ्यायचं नाही, हे दुरुस्तीवाल्या काकांनी बजावून सांगितलं. फुगलेल्या टॉपला बेतून सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासलं, तर हिवाळ्यात टॉप खाली बसतो आणि तारा फ्रेटवर खडखडतात. म्हणून ऑक्टोबरचं ऊन पडून मापक खाली यायला लागला की मी दोन-तीन आठवडे थांबते, मग गिटार त्यांच्याकडे नेते. या वर्षी बाबांची हवाईयनही बरोबर जाईल. तिच्या ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकतो आहे, म्हणजे गोंद सुटायला लागला आहे. तोपर्यंत तिच्या तारा सैल केल्या आहेत. दिवाळीनंतर, लाकूड कोरडं असताना, काका तो ब्रिज काढून पुन्हा चिकटवणार आहेत.