प्लेनरचं स्टँड आणि पार्किंगचा उतार

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जिन्याखाली एक अरुंद खोली आहे. पूर्वी तिथे पाण्याची मोटार होती. ती हलवल्यावर खोली मला वापरायला मिळाली आणि माझी सुतारकामाची हत्यारं तिथे गेली. काम मात्र बाहेर, पार्किंगच्या कोपऱ्यात करायचं, कारण आत सहा फुटी फळी आडवी वळतच नाही. सोसायटीशी ठरलंय: रविवारी सकाळी दहा ते एक. त्यानंतर कोपरा झाडून मोकळा करायचा, म्हणजे गाड्या लावता येतात.

दिवाळीनंतर मी बारा इंची थिकनेस प्लेनर घेतला, म्हणजे फळी तासून सगळीकडे एकाच जाडीची करणारं मशीन. वजन 28 किलो. पहिल्या रविवारी मी आणि बाबांनी तो दोन बाजूंनी धरून बाहेर आणला. बाबा 74 वर्षांचे आहेत. भोसरीच्या एका फाउंड्रीत त्यांनी पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणारा कारागीर) म्हणून आयुष्य काढलं, त्यामुळे लाकडाचं काम चाललंय आणि ते खुर्चीवर बसून बघतायत, असं होणार नाही. मशीन खाली ठेवल्यावर ते कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. या मशीनला चाकं लागलीच पाहिजेत, हे मी तेव्हाच ठरवलं.

पहिलं स्टँड मी स्वतः केलं. 18 मिमी प्लायचा खोका, तीन बाजू बंद, खाली तीन इंची चार फिरती चाकं आणि त्यातल्या दोघांना ब्रेक. बोहरी आळीतून चाकं घेताना दुकानदाराने वजन विचारलं. मी सांगितलं, तर म्हणाले, “मॅडम, ही चाकं चौपट वजन घेतील.” ते खरंच होतं. खडबडीत जमिनीवर चार चाकांपैकी तीनच नीट टेकतात, म्हणून तीन चाकांवर सगळा भार धरून हिशेब केला तरी ती भरपूर होती. मला अडवलं ते वजनाने नाही, जमिनीने.

खोलीच्या दारापासून माझ्या कोपऱ्यापर्यंत जेमतेम साडेचार मीटर अंतर आहे. त्यात आधी 20 मिमीची पायरी, मग पावसाच्या पाण्याची नाली आणि तिच्यावरची लोखंडी जाळी, मग चेकर्ड टाइल्स. जाळीच्या पट्ट्यांमध्ये 25 मिमीची फट आहे. तीन इंची चाक तिच्यात आडवं होऊन बसायचं, मग स्टँड उचलूनच काढावं लागायचं. पायरीचं गणित मी नंतर मांडलं (शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, त्यामुळे कागदाशिवाय समाधान होत नाही). 75 मिमी व्यासाचं चाक 20 मिमीच्या पायरीवर आडवा जोर लावून चढवायचं, तर त्या चाकावरच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लागतो. 200 मिमीच्या चाकाला तोच जोर वजनाच्या पाऊणपट पुरतो. हे गणित खरेदीच्या आधी मांडायला हवं होतं.

खरा त्रास काम सुरू केल्यावर झाला. साध्या ब्रेकने चाक थांबतं, पण चाकाची मान मोकळीच राहते. फळी आत सरकवली की मशीन त्या मानांवर डुलायचं. त्यात पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला. पारदर्शक नळीत पाणी भरून मी तो मोजला: 560 मिमीत 7 मिमी, म्हणजे 80 ला 1. तीन-चार फळ्या झाल्या की स्टँड वीतभर नालीकडे सरकलेलं असायचं. पाती जोरात फिरत असताना मशीन सरकतंय, हे मला अजिबात मान्य नव्हतं. चाक आणि मान दोन्ही एकदम अडकवणारी चाकं मिळतात, पण त्यांनी जाळी आणि पायरी सुटली नसती.

बाबा म्हणाले, “काम करताना चाकं जमिनीला टेकायलाच कशाला हवीत?”

त्यांच्या डोळ्यांसमोर माती वाहायची एकचाकी गाडी होती. ठेवली की पायांवर उभी, दांडे उचलले की चाकावर. दुसरं स्टँड त्यावरून झालं. नऱ्ह्याच्या एका फॅब्रिकेटरकडून 40×40×2 मिमी चौकोनी पाइपची फ्रेम करून घेतली. हा पाइप मीटरला 2.4 किलोच्या आसपास भरतो. सहा-सव्वासहा मीटर लागला, म्हणजे 15 किलो. जुन्या खोक्याचा प्लाय कापून तीन बाजूंना बोल्टने बसवला. नुसती पाइपची चौकट कितीही चांगली वेल्ड केली तरी थोडी लचकते, आणि तिरक्या पट्ट्या टाकल्या तर खालची जागा वाया जाते. प्लायने दोन्ही कामं झाली: चौकट घट्ट झाली आणि आत पात्यांचे डबे ठेवायला कपाट मिळालं.

चाकं दोनच, एका बाजूला, न फिरणारी, 200 मिमीची. रविवारच्या जुन्या बाजारात एका मोडक्या हँडट्रॉलीची मिळाली. ती पायांच्या रेषेच्या 60 मिमी बाहेर बसवली आहेत आणि स्टँड पायांवर उभं असताना जमिनीपासून 3 मिमी वर राहतात. ब्रॅकेटला गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडून घेतल्या, म्हणून हे अंतर पाना लावून कमीजास्त करता येतं. दुसऱ्या बाजूने दांडे चार-पाच सेंटीमीटर उचलले की चाकं टेकतात, मग पाय सुटतात.

दांडे फ्रेमच्या पाइपातच आत सरकतात. बाहेर ओढल्यावर 350 मिमी येतात. मशीन, फ्रेम, प्लाय मिळून 51 किलो. मशीन अगदी मधोमध ठेवलं तर दांड्यांवर 18 किलो येत होते. चाकांकडे 60 मिमी सरकवल्यावर 16 राहिले, दोन हातांत आठ-आठ. नववीच्या वर्गात तरफ शिकवताना आता मी हेच उदाहरण देते.

पायांना रबरी बुडाचे 12 मिमीचे बोल्ट आहेत. त्यांनी तो 7 मिमीचा उतार भरून काढला. पण जागा बदलली की पुन्हा पाना हातात घ्यावा लागतो. म्हणून सेक्रेटरींना विचारून चार पाय जिथे येतात तिथे फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटचे चार ठिपके काढले. पाय ठिपक्यांवर ठेवले की लेव्हल जमलेली.

उंचीबद्दल मात्र मी हट्टी होते. प्लेनरचं टेबल आणि माझं कामाचं टेबल एका पातळीत हवंच होतं. फळी मशीनमधून बाहेर पडताना शेवटी एकाच रोलरच्या पकडीत राहते. तेव्हा पुढचं टोक वजनाने खाली झुकलं की मागचं टोक वर उचलून पात्यात जातं आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत खळगा पडतो. जुन्या वाड्याचं सागवान त्या दोन-तीन इंचांसाठी कापून टाकायचं म्हणजे जिवावर येतं. आता फळी बाहेर येते ती सरळ माझ्या टेबलावर, आणि मी तिचं टोक केसभर वर धरून ठेवते.

उंची मोजताना बाबांनी मला मध्येच थांबवलं. माझ्या हातात त्यांची पॅटर्नमेकरची पट्टी होती. ओतलेलं बीड थंड होताना आक्रसतं, म्हणून त्या पट्टीवरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा 10 मिमी मोठा असतो. फॅब्रिकेटर साध्या टेपने कापणार आणि मी हिने माप देणार! 820 मिमीच्या टेबलाला आठ मिमीचा फरक पडला असता. पट्टी त्यांनी कापडात गुंडाळून वर ठेवली.

पायरीला सागाच्या तुकड्याची उतरती पट्टी लावली आहे. आत नेताना चाकं पुढे ठेवून ढकलायचं आणि बाहेर आणताना दांड्यांनी ओढायचं. आत नेताना ओढलं, तर चाकांजवळचे पाय पायरीला आधी अडकतात. स्टँड सांभाळताना लक्षात ठेवावं लागतं ते एवढंच.

गेल्या रविवारी एक वाजता मी भुस्सा भरायला पोतं शोधत होते. वळून बघितलं तर ठिपके मोकळे होते. बाबा मशीन आत लावून, दांडे सरकवून, खोलीची कडी घालत होते.