रेघ गेली, लोडर माळ्यावर

माझ्या प्रिंटवर उमटणाऱ्या ज्या पांढऱ्या रेघेचे फोटो मागच्या वेळी टाकले होते, तिचा उगम सापडला. कॅमेऱ्यात फिल्म सपाट दाबून धरणारी प्रेशर प्लेट नव्हे. ती दोनदा पुसून झाली होती.

संशय तिथे जाणं साहजिक होतं. प्रिंटवर रेघ पांढरी, म्हणजे चरा बेसवर, फिल्मच्या प्लास्टिकच्या पाठीवर. पुढचा प्रकाशसंवेदी थर, म्हणजे इमल्शन, खरवडलं असतं तर काळी उमटली असती. आणि कॅमेऱ्यात बेसला टेकते ती प्रेशर प्लेटच. म्हणून कॅमेरा बाजूला ठेवला आणि लोडरमधून, म्हणजे मोठ्या रोलमधली फिल्म कॅसेटमध्ये भरायच्या डब्यातून, एचपी फाइव्ह या कृष्णधवल फिल्मचा वीतभर तुकडा उजेडातच ओढून टेबल लॅम्पखाली तिरका धरला. रेघ हजर! मग कोरी कॅसेट लावली, तरी रेघ त्याच जागी, काठापासून तेवढ्याच अंतरावर. कॅसेटच काढून नुसती फिल्म ओढली, तरी तेच. उरलं फक्त लोडरच्या तोंडाचं फेल्ट, उजेड अडवणारं जाड कापड.

ब्लोअर मारून, चिकटपट्टीने टिपून काही फरक पडेना. शेवटी रात्री दिवे घालवून उरलेला रोल काळ्या पिशवीत घातला, डब्यात बंद केला आणि रिकामा लोडर भिंगाखाली घेतला. फेल्टच्या मुळाशी फिल्मचाच बारीक कपचा रुतलेला, बहुधा कात्रीने कापताना सुटलेला. चिमट्याने उपटला. नंतरचा तुकडा आरशासारखा स्वच्छ! तो अजून टेबलावरच आहे, फेकवत नाही.

खरं तर इथेच थांबायचं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, फेल्ट हवंच कशाला? लोडरशिवाय अंधारातच कॅसेट भरता येईल. 36 फ्रेमना प्रत्येकी 38 मिलिमीटर, म्हणजे 1.37 मीटर, लीडर (सुरुवातीचं टोक) आणि शेपूट धरून 1.65. बाथरूमच्या दाराच्या चौकटीवर एवढ्या अंतरावर दोन खिळे ठोकले की अंधारात चाचपून माप मिळतं. वरच्या खिळ्यात फिल्मचं छिद्र अडकवायचं आणि खालून कॅसेटमधल्या स्पूलवर ती गुंडाळत वर जायचं. कॅसेटचं झाकण उघडं असल्याने फिल्म तिच्या फटीतल्या मखमलीतून घासत आत जात नाही. शिवाय उजेडात चिकटवलेल्या टोकामुळे शेवटची फ्रेम निगेटिव्हवर दर वेळी काळी व्हायची, तीही वाचेल. 30.5 मीटरच्या मोठ्या रोलमधून असे 18 रोल निघतात. चाळीस फ्रेम कोंबायचा मोह आवरा, फिल्म धुवायच्या टँकच्या रीळवर शेपूट मावत नाही.

यासाठी आट्यांच्या झाकणाच्या प्लास्टिक कॅसेटच बऱ्या. धातूच्या हातातून पडल्या की टोपण उडतं. लॅबमधून फुकट मिळणाऱ्या कॅसेट इथे कामाच्या नाहीत. त्यांना बाहेर राहिलेल्या तुकड्यावरच फिल्म जोडावी लागते, म्हणजे पुन्हा मखमल आलीच. ऑनलाइन ‘नवीन’ म्हणून विकतात त्यांच्या मखमलीवर आधी टॉर्च मारून बघा, माझ्या पाकिटातल्या निम्म्यांत धूळ होती.

चेंजिंग बॅगचं, म्हणजे हात घालून फिल्म हाताळायच्या उजेडबंद पिशवीचं, सुचवू नका. कोकणातल्या ऑक्टोबरात त्या पिशवीत हात घातले की दहा मिनिटांत फिल्मवर घामाचे ठसे.

खिळ्यांऐवजी लाकडी पट्टीला खाचा पाडाव्यात का? भिंतीला फिल्म घासली तर नवीन रेघ शोधत बसावं लागेल. सुताराकडे पट्टी सांगतो. तोवर डब्यातला रोल तसाच.