लोण्याच्या वासाची बीअर

पुण्यातल्या मायक्रोब्रुअरींसाठी बीअरची गुणवत्ता तपासणे हे माझे काम आहे. त्याआधी मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. तिथे ज्या वासासाठी आम्ही विरजण निवडून घेत असू, तोच वास बीअरमधून हद्दपार करण्यासाठी आता मला पैसे मिळतात. हा वास डायअ‍ॅसिटिल नावाच्या द्रव्याचा. ताज्या लोण्याच्या गंधात त्याचा मोठा वाटा असतो. दुधात ते विरजणातले काही जिवाणू तयार करतात. बीअरमध्ये ते यीस्टच्या कामातून आडवळणाने तयार होते आणि यीस्टला पुरेसा वेळ दिला, तर तेच ते पुन्हा शोषून घेते. लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा अनेकांच्या नाकाला जाणवतो.

गेल्या हिवाळ्यात मुंढव्याजवळच्या एका लॉनवर बीअर चाखण्याचा कार्यक्रम होता आणि आयोजकांनी मला दिवसभर देखरेखीसाठी बोलावले होते. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हा ताजी, गाळलेली नसलेली गव्हाची बीअर म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागे. आता मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी या पट्ट्यात फिरणारा पुणेकर हेफेवायझेन या जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास स्वतःहून ओळखतो, कोकम घातलेली आंबट बीअर मागतो आणि हापूसची कधी येणार, याची चौकशी फेब्रुवारीतच करतो. त्या दिवशीही प्रवेशद्वारावर वयाचा पुरावा दाखवून, एक दिवसाचा परवाना घेऊन माणसे उत्साहाने आत येत होती. प्रत्येकाला चाखण्यासाठी छोटा ग्लास आणि मत देण्यासाठी एक टोकन मिळत होते; आवडलेल्या स्टॉलसमोरच्या बरणीत ते टाकायचे होते.

दुपारी एका स्टॉलची बरणी इतरांपेक्षा झपाट्याने भरत होती. स्टॉल एका लहान ब्रुअरीचा होता आणि त्यांनी पिल्सनर, म्हणजे लागर प्रकारातली बीअर, आणली होती, याचेच मला कौतुक वाटले. गव्हाची बीअर दोन-तीन आठवड्यांत विकायला मोकळी होते. लागरसाठी टाकी त्याहून कितीतरी जास्त काळ अडकून पडते आणि लहान ब्रुअरीत अडकलेली टाकी म्हणजे बुडालेले उत्पन्न. मी ग्लास नाकाशी नेला आणि थबकले. बीअरला सायीच्या लोण्याचा वास येत होता, तोही चोरटा नव्हे, ठळक. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ मित्राला सांगत होते, “ही घेऊन बघ, बटर पॉपकॉर्न आहे नुसतं!” आणि दोघांनीही टोकने त्याच बरणीत टाकली.

ब्रुअर तरुण होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा पडला, पण तो ठामपणे म्हणाला, “मॅडम, टाकीतून भरताना मी स्वतः तपासली आहे. हा वास आमचा नाही.” माझ्या व्यवसायात हे वाक्य रोज ऐकू येते आणि बहुतेक वेळा ते खोटे ठरते, म्हणून मी ते ऐकून घेतले आणि केगमधून, म्हणजे बीअरच्या पिंपातून, थेट नमुना काढायला सांगितला.

बीअरमध्ये आज वास नसला, तरी त्याची कच्ची सामग्री शिल्लक असू शकते आणि उष्णतेने ती डायअ‍ॅसिटिलमध्ये बदलते. त्यामुळे नुसते हुंगून निकाल देता येत नाही. शेजारच्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलवरून किटली मागवली, पाणी साठ-पासष्ट अंशांवर आणले, नमुन्याची एक बंद बाटली त्यात वीस मिनिटे ठेवली आणि नंतर बर्फात गार केली. दुसरी बाटली न तापवता तशीच ठेवली होती. दोन्हींतली बीअर ग्लासांत ओतून, वर तळहात ठेवून, हलवून हुंगली. दोन्हींत धान्याचा स्वच्छ वास आणि हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, हलका कडवट गवती गंध होता, लोण्याचा मागमूस नव्हता. तरीही माझ्या एकटीच्या नाकावर भिस्त ठेवायची नव्हती, म्हणून शेजारच्या स्टॉलवरच्या तीन ब्रुअरना बोलावून प्रत्येकापुढे तीन ग्लास ठेवले. दोनांत एकच बीअर होती, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता, एवढेच सांगायचे होते. केग आणि टॅप यांच्यातला फरक तिघांनीही क्षणात ओळखला. तापवलेला आणि न तापवलेला नमुना मात्र कोणालाच वेगळा काढता आला नाही.

म्हणजे तरुण खरे बोलत होता. बीअर केगमध्ये निर्दोष होती आणि ग्लासात येईपर्यंत बिघडत होती. मग एक गोष्ट लक्षात आली, जी खरे तर तासभर डोळ्यांसमोर घडत होती. गर्दी उसळली की वास पुसट होई आणि स्टॉल ओस पडला की पुन्हा चढे. बीअर वाहत असताना ठीक होती, नळीत थांबली की बिघडत होती.

केग आणि टॅप यांच्यामध्ये बर्फाच्या पेटीतली, बीअर गार करणारी स्टीलची लांब वेटोळी नळी, म्हणजे कॉइल होती. अशा पेट्या कार्यक्रमांसाठी भाड्याने येतात, वापरून झाल्या की पाण्याने खंगाळून गुदामात जातात आणि पुढच्या कार्यक्रमाला बाहेर निघतात. नुसत्या पाण्याने काहीही होत नाही. नळीच्या आत चिकट थर बसतो, त्यात पेडिओकॉकससारखे जिवाणू ठाण मांडतात आणि ते लोण्याचा वास स्वतःच तयार करतात, यीस्टचा त्यात काही संबंध नसतो. नियमित वापराच्या लाइनी दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुवाव्यात आणि टॅप उघडून घासावेत, हे सगळ्या ब्रुअरींना पाठ असते. भाड्याच्या कॉइलची जबाबदारी मात्र नेमकी कोणाची, हे कोणालाच ठाऊक नसते. आम्ही टॅप खोलला. आतल्या वळणावर बोट फिरवल्यावर गुळगुळीत, राखाडी बुळबुळ हाताला लागली आणि तिला ताकाच्या जुन्या भांड्यासारखा वास होता.

जागेवर कॉस्टिक फिरवून पुन्हा तीच कॉइल वापरण्याचा पर्याय आयोजकांनी सुचवला. मी नकार दिला, कारण इतका जुना थर एका धुण्यात निघेल याची खात्री नव्हती आणि कॉस्टिक पूर्ण निघाले आहे, हे गर्दीत तपासणे मला धोक्याचे वाटले. केग बर्फाच्या टबमध्ये बसवला, कोरी आखूड नळी आणि हातात धरायचा साधा टॅप जोडला, दाब बराच खाली आणला. आखूड नळीतून बीअर फेसाळतेच, त्यामुळे निम्मा ग्लास फेस आणि निम्मी बीअर असा प्रकार सुरू झाला, पण चव ब्रुअरने टाकीत जशी सोडली होती तशी होती.

त्यानंतर जे घडले त्याने मला वासापेक्षा जास्त चकित केले. लोक परत येऊन तक्रार करू लागले. “मघाची द्या ना, ही जरा साधी लागते,” असे एक बाई म्हणाल्या आणि त्यांचे म्हणणे मला अगदी समजत होते. ज्या घरांत आजही साय विरजून लोणी काढतात आणि तूप कढवतात, तिथल्या माणसाला हा वास दोष वाटेलच कशाला? बरणीत पुढे फारशी टोकने पडली नाहीत आणि संध्याकाळी पहिला क्रमांक कोकमाच्या बीअरला गेला. दूषित नळीतून मिळालेली मते धरावीत की नाहीत, यावर आयोजकांत बरीच चर्चा झाली. ब्रुअरने ती स्वतःच मागे घेतली.

सामान गाडीत चढवताना त्याने मला विचारले, “मॅडम, लोकांना आवडतंच आहे, तर मुद्दाम थोडा ठेवला तर?” मी म्हटले, की चेक पिल्सनरमध्ये आणि ‘एल’ प्रकारच्या काही जुन्या पद्धतीच्या इंग्रजी बीअरमध्ये त्याची हलकी छटा मान्य असते, यीस्ट थोडे आधी थंड करून ती टाकीतच, मोजून ठेवता येईल, मात्र किती ठेवायची हे प्रयोगशाळेत ठरवावे लागेल. त्याने सध्या फक्त स्वतःची कॉइल विकत घेतली आहे आणि तिच्या धुण्याची वही केगसोबत ठेवतो. लोण्याच्या पिल्सनरसाठी टाकी अडकवायला त्याचा भागीदार अजून तयार नाही.