रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

इंदुरात खरा रंग खेळतात तो रंगपंचमीला. शहराला सुट्टी असते. टोरी कॉर्नर, मल्हारगंजाच्या बाजूने निघालेली गेर, म्हणजे रंग खेळणाऱ्यांची मिरवणूक, राजवाड्याकडे सरकते आणि टँकरवर बसवलेल्या तोफांमधून रंगाचं पाणी वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांपर्यंत उडतं. गेर पुढे गेली की महापालिकेचे सफाई कामगार मागोमाग येतात आणि काही तासांत रस्ता लख्ख करतात. माणसांच्या तळपायावरचा रंग मात्र चांगला आठवडाभर टिकतो.

मी मधुमेहाच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पाय तपासणं आणि ड्रेसिंग करणं हे माझं काम. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येणारा प्रत्येक पाय हिरवा, गुलाबी नाहीतर जांभळा असतो, आणि त्या दिवसाची मला दरवर्षी धास्ती वाटते. रंगाखाली जखम असली तर ती दिसत नाही, आणि माझ्याकडच्या बऱ्याच जणांना ती दुखतही नाही.

गेल्या वर्षी त्या सकाळी दवाखान्याचं शटर वर जायच्या आधीच एक काका-काकू पायरीवर बसलेले होते. काका निवृत्त शिक्षक, सत्तरीच्या आसपासचे, मधुमेह जुना. काकूंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत एक पांढरा मोजा.

"सिस्टर, हे बघा," काकूंनी मोजा उलटा करून दाखवला. अंगठ्याच्या खालच्या भागात मसुराच्या दाण्याएवढा डाग. हिरवट रंगात मिसळलेला, पण कडेला तपकिरी. "हे म्हणतात रंग आहे. रंग रात्रीच सुकला होता. हे सकाळीसुद्धा ओलं होतं."

"अहो, काही नाहीये," काका म्हणाले. "दुखत नाही, खुपत नाही. उगाच सकाळी सकाळी यांना त्रास."

काकांना दुखणार नव्हतंच. आम्ही नायलॉनच्या एका धाग्याने पाय तपासतो. तळव्यावर टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. काकांच्या आधीच्या तपासणीत मी अंगठ्याखाली, करंगळीखाली, टाचेवर धागा टेकवत गेले होते आणि काका डोळे मिटून शांतपणे वाट पाहत बसले होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "सुरू करताय ना?" माझी तपासणी तेव्हा संपत आली होती.

साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नसा आधी. कमरेपासून पावलापर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन वर चढतो. नर्मदेच्या पाइपलाइनवर दाब कमी झाला की पहिल्यांदा शेवटच्या घराचा नळ सुकतो, तसंच हे. त्याबरोबर पायाला घाम येणंही कमी होतं. कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात. पायाचे छोटे स्नायू दुबळे होऊन बोटं वाकतात, चालताना वजन नको तिथे पडतं आणि तिथे घट्टा धरतो. घट्टा जाड झाला की चालताना तोच आतल्या मांसाला दाबतो आणि वरून धड दिसणाऱ्या कातडीखाली रक्त साकळतं. हे सगळं होत असताना पेशंट रोज मंडईत जात असतो, मजेत.

आधीच्या तपासणीनंतर मी काकूंना बसवून घेतलं होतं. काकांचे गुडघे वाकत नाहीत आणि मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नाही, म्हणून काम दोघांत वाटून दिलं. रात्री जेवण झालं की काकांनी स्टुलावर बसायचं, खाली हातआरसा ठेवून त्यावर पाय धरायचा. काकूंनी टॉर्च घ्यायचा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. लाली, फोड, भेग, ओल, घट्ट्याखाली काळसर ठिपका यांतलं काही आहे का ते बघायचं. मग हाताची मागची बाजू दोन्ही पावलांना लावून एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का ते पाहायचं. दोन्ही पायांच्या त्याच जागेत २ अंश सेल्सियसहून जास्त फरक राहू लागला तर तो आत काहीतरी बिघडत असल्याचा इशारा असतो, जखम व्हायच्या आधीचा. पाय कोमट पाण्याने धुवायचे, पण पाणी किती गरम ते काकांनी पायाने ठरवायचं नाही, काकूंनी कोपर बुडवून ठरवायचं. बेचक्या कोरड्या पुसायच्या. टाचांना खोबरेल तेल, बोटांच्या मध्ये मात्र तेल नाही, तिथे ओल राहून बुरशी धरते. आणि झोपताना पांढरा, सैल मोजा. पांढरा एवढ्यासाठी की थेंबभर रक्त किंवा पाणी आलं तर डोळ्यांना दिसावं.

काकूंनी यातलं एकही सोडलं नव्हतं. घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी त्या रोज एक बारीक टिंब काढतात, पाय बघून झाल्याचं. आणि सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत आली की काका चपला उलट्या करून झटकतात. गाडी रोज येते, त्यामुळे चपलाही रोज झटकल्या जातात. ही युक्ती काकांची स्वतःची, आणि ती मी आता सगळ्यांना सांगते.

रंगपंचमीच्या रात्रीही काकूंनी आरसा मांडला होता. पण तळवा हिरवागार होता आणि त्यात काही समजेना. त्यांनी पाय पुन्हा धुतला, पुसला, तरी रंग हलेना. "दिसत नाही म्हणजे नाहीच असं कसं म्हणू? म्हणून मोजा घातला आणि सकाळी उठल्या उठल्या तोच बघितला," त्या म्हणाल्या.

मी काकांचा पाय खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने पुसायला घेतला. घासायचं नव्हतं, म्हणून वेळ लागला. हिरव्याखाली गुलाबी निघाला, त्याखाली पिवळट घट्टा. घट्ट्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र, त्याच्या कडेला अजून हिरवा रंग बसलेला. बाजूने हलकं दाबलं तसा पाण्याचा एक थेंब वर आला. काका माझ्याशी गेरीत यंदा किती गर्दी होती ते बोलत होते. मी दाबत असलेलं त्यांना कळलंच नाही.

"काल पायात काय घातलं होतं?" मी विचारलं.

काकूंनी काकांकडे पाहिलं. आम्ही बनवून दिलेल्या मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला रंगात खराब होतील म्हणून काकांनी माळ्यावरच्या जुन्या चपला काढल्या होत्या. पट्टा सुटला होता तो कधीतरी मोच्याकडून ठोकून घेतलेला. मुलाला फोन करून चपला मागवल्या. मी डाव्या चपलेत हात घालून तळावरून बोटं फिरवली आणि अंगठ्याच्या जागी आले तेव्हा हात आपोआप झटकन मागे आला. झिजलेल्या तळातून खिळ्याचं टोक वर आलं होतं. मला ते क्षणभर लागलं आणि मी हात काढला. काका त्यावर उभे राहून तासन्‌तास गेर बघत होते.

मी चप्पल काकांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः बोट फिरवलं, त्यांनाही टोचलं. त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

काकांना एक्स-रेला पाठवलं आणि पुढचा पेशंट आत आला. कपड्याच्या दुकानाचे मालक, पन्नाशीचे, मुलगी सोबत. ते पहिल्यांदाच आमच्याकडे येत होते आणि तेही मुलीच्या आग्रहाने. बूट काढले की वास येतो, अशी तिची तक्रार. ते म्हणाले की करंगळीखाली भोवरी झाली होती, औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून लावली, आता बरी आहे. आदल्या दिवशी भिजलेल्या बुटांत ते दिवसभर नाचले होते.

कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते जाड कातडी विरघळवतं, आणि जिथे जाणीव नाही तिथे चांगली कातडीही जाळतं. पेशंट काढत नाही, कारण झोंबत नाही. या एका वस्तूने बिघडलेले इतके पाय मी पाहिले आहेत की मधुमेह असलेल्या कोणाच्याही घरी ती असू नये असं माझं ठाम मत आहे. ब्लेडने भोवरी कापणं आणि थंडीत गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकणं, हेही त्याच यादीत.

मोजा चिकटला होता, सलाइनने भिजवून सोडवला. कॅपखाली खड्डा. डॉक्टरांनी निर्जंतुक सळई हलकेच आत घातली आणि ती कडक जागेला टेकली. हाड. ते दोघांना समजावून सांगू लागले की जंतू हाडापर्यंत गेलेत, रुग्णालयात दाखल व्हावं लागेल, करंगळी कदाचित काढावी लागेल. ताप नव्हता, पण साखर अचानक खूप चढली होती. पायातल्या संसर्गात अनेकदा तेवढीच एक खूण मिळते.

"पण दुखतच नाहीये, मग काढायचं कशाला?" त्यांनी विचारलं. वाद घालायला नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं. आयुष्यभर दुखलं की बिघडलं आणि थांबलं की बरं झालं, असंच आपण सगळे शिकलेलो असतो. माझ्या खोलीत येणाऱ्या माणसाला ते विसरावं लागतं, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर ते विसरणं फार अवघड आहे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांचं म्हणूनच मला फार मोल वाटतं. कुष्ठरोगात बोटं झडतात ती रोगानेच, असं तोवर बहुतेक जण धरून चालले होते. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग नसा मारतो, बोटं जातात ती न कळलेल्या भाजण्या-कापण्यांनी आणि त्यात वाढलेल्या जंतूंनी. म्हणजेच ती वाचवता येतात. त्यांनी पेशंटना रोज आपले हातपाय निरखायला शिकवलं, पायांसाठी मऊ तळाची पादत्राणं करवली. मधुमेहाच्या पायाची आज जी काळजी आम्ही शिकवतो तिची बरीचशी मुळं कुष्ठरोग्यांच्या त्या कामात आहेत.

तेवढ्यात काका एक्स-रे घेऊन परत आले. आत लोखंडाचा तुकडा नव्हता, हाड चांगलं होतं. डॉक्टरांनी घट्टा तासून जखम उघडी केली, धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मी ड्रेसिंग केलं आणि त्या जागेवर भार पडू नये म्हणून भोवतीने फेल्टची गादी कापून बसवली. पुढचे काही दिवस चालणं अगदी कमी, एवढीच शिक्षा. काकू माझ्याकडून गादी कशी बसवायची ते बघून घेत होत्या. दुकानदारांची मुलगी दारात उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती.

तिने काकूंनाच विचारलं, "तुम्ही रोज बघता?"

काकूंनी पिशवीतून आरसा काढला, तोही त्यांनी सोबत आणला होता, आणि तिला तिथेच जमिनीवर बसवून शिकवलं. वडिलांच्या दुसऱ्या, चांगल्या पायावर. टॉर्च कुठून धरायचा, बेचकी कशी उघडायची, नखं गोल न कापता सरळ का कापायची, ती कडेला आत वळली तर कातडीत कशी घुसतात. मी मध्ये बोलले नाही. माझ्यापेक्षा त्या नीट सांगत होत्या, कारण त्या हे घरात करतात, रोजच्या कंटाळ्यासकट. एखाद्या दिवशी नवरा पाय पुढे करत नाही तेव्हा काय म्हणायचं, हेसुद्धा त्यांनी सांगितलं. ते मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

काकांची जखम महिन्याच्या आत भरली. दुकानदारांची करंगळी आणि तिच्यामागच्या हाडाचा काही भाग काढावा लागला. दुसरा पाय शाबूत आहे, आणि एकदा एका पायाला जखम झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका बराच असल्याने मुलगी तो कसोशीने बघते. मध्ये एकदा टाचेत बारीक भेग दिसली म्हणून ती त्यांना त्याच दिवशी घेऊन आली. मलम लावून, दोन दिवस पट्टी बांधून ती मिटली.

यंदा आम्ही रंगपंचमीची वाट पाहिली नाही. धाग्याचा स्पर्श न कळणाऱ्या सगळ्यांची यादी काढून आठवडाभर आधीपासून फोन केले. गेरीला जायचं तर बंद बूट घालून जायचं, माळ्यावरचं काही काढायचं नाही. घालण्याआधी आत हात घालून बघायचं. निघताना तळव्यांना तेल चोळायचं, बेचक्या सोडून, म्हणजे रंग पक्का बसत नाही. घरी आल्यावर ओले बूट-मोजे लगेच काढायचे. रात्री आरशात तळवा दिसला नाही तर पांढरा मोजा घालून झोपायचं, आणि सकाळी त्यावर जरा जरी ओल असली तरी नंबर न लावता सरळ माझ्या खोलीत यायचं.