धोतराच्या निऱ्या

माझ्या आजोबांचे एक छायाचित्र मी आजवर निदान चाळीस वेळा छापले असेल, आणि ते अजून मनासारखे उतरलेले नाही. मे महिन्यातली भर दुपार, बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारातला बांध, नुकतेच धुतलेले पांढरे धोतर नेसून उभे असलेले आजोबा आणि पटक्याच्या सावलीत बुडालेला त्यांचा रापलेला चेहरा, एवढेच काय ते त्या निगेटिव्हवर आहे. अडचण अशी की फिल्मने धोतर आणि चेहरा दोन्ही नीट सांभाळले आहेत, पण कागदाला ते पेलत नाही. कागदाच्या स्वच्छ पांढऱ्यावरून परतणारा उजेड त्याच्या सर्वांत गडद काळ्यापेक्षा साधारण शंभर ते सव्वाशे पट असतो, तर भर उन्हातल्या दृश्यात हे अंतर त्याच्या कितीतरी पुढे जाते. तेव्हा कुठले करडे ठेवायचे आणि कुठले सोडायचे, हे छापणाऱ्यालाच ठरवावे लागते.

हे काम मी शहापूरच्या एका लहानशा स्टुडिओत शिकलो. जिन्याखालच्या अडगळीची डार्करूम केलेली होती, झीरोचा लाल दिवा सतत पेटलेला असे आणि प्रिंट पक्का करणाऱ्या हायपोचा वास कपड्यांतून घरापर्यंत येई. कपाटात कागदांचे डबे ग्रेडप्रमाणे लावलेले असत: सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड. आम्हा पोरांना अर्थातच हार्डचे वेड होते, कारण त्यावर काळे कसे ठसठशीत उमटते! आजोबांचा पहिला प्रिंट मी हार्डवरच काढला आणि मोठ्या दिमाखाने स्टुडिओवाल्या काकांपुढे धरला. त्यांनी तो दिव्याजवळ नेला आणि विचारले, "निऱ्या कुठं गेल्या? नुसता कागद दाखवूलास की मला." धोतराच्या जागी खरोखरच कोरा कागद होता आणि चेहऱ्याच्या जागी डांबर.

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा उतार किती उभा ठेवायचा, हा कॉन्ट्रास्टचा खरा प्रश्न आहे. प्रिंट गडद की फिका, ही त्याहून वेगळी गोष्ट. चोर्ला घाटातला रस्ता वळणे घेत घेत उतरतो, तसा सॉफ्ट कागद करड्याच्या अनेक छटांतून हळूहळू काळ्यापर्यंत पोहोचतो. हार्ड कागद पायवाटेने सरळ खाली उडी घेतो. काकांची रीत ठरलेली होती: वेळ पांढऱ्यावरून ठरवायची, ग्रेड काळ्यावरून. कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा तीन-तीन सेकंदांनी सरकवत चाचणी काढायची, ज्या पट्ट्यात धोतराच्या निऱ्या नुकत्या दिसू लागतात ती वेळ धरायची आणि मगच काळ्याकडे पाहायचे. काळे मेलेले, राखेसारखे दिसले तर एक ग्रेड वर जायचे. चेहरा बुजला असेल तर एक खाली. ग्रेड बदलली की वेळ पुन्हा तपासायची, यात कंटाळा करून चालत नाही.

आता माझ्याकडे वेगवेगळे डबे नाहीत. मल्टिग्रेड कागद आहे, जो इल्फर्डने १९४० मध्येच बाजारात आणला होता. त्याच्या लेपावर निळा उजेड पडला की कडक प्रतिमा उमटते आणि हिरवा पडला की मऊ. म्हणून निळा अडवणारा पिवळा फिल्टर कॉन्ट्रास्ट उतरवतो आणि हिरवा अडवणारा किरमिजी फिल्टर तो चढवतो. फिल्टरांचे नंबर सर्वांत मऊ दोन शून्यांपासून (००) सर्वांत कडक पाचपर्यंत असतात. दोन शून्यांपासून साडेतीनपर्यंतच्या फिल्टरांना वेळ तीच चालते, चारपासून पाचपर्यंत ती दुप्पट धरावी लागते.

या कागदाने मला एक घरगुती धडाही दिला. संध्याकाळी गल्लीतले माग जोरात सुरू झाले की व्होल्टेज उतरायचे, निगेटिव्ह मोठे करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरचा दिवा पिवळसर पडायचा आणि त्याच फिल्टरवर, त्याच वेळेत सकाळी उत्तम आलेला प्रिंट संध्याकाळी फिका आणि मिळमिळीत निघायचा. पिवळ्या उजेडात निळा कमी असतो, हे डोक्यात येईपर्यंत मी अर्धा डबा कागद वाया घालवला होता. नंतर स्टॅबिलायझर घेतला. डिसेंबरातल्या पहाटेचा अनुभवही असाच. कागदावर प्रतिमा उमटवणाऱ्या डेव्हलपरमधले मेटॉल मऊ करडे देते आणि हायड्रोक्विनोन काळ्याला जोर आणते. पण थंडीत हायड्रोक्विनोन आळसावते आणि १२-१३ अंशांच्या खाली तर ते जवळजवळ कामच सोडते. तेव्हापासून डेव्हलपरचा ट्रे कोमट पाण्याच्या परातीत ठेवून मी २० अंश सांभाळतो.

बेळगावच्या किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बस्ती या जैन मंदिरात, आतल्या अंधारातून दाराकडे तोंड करून घेतलेले एक छायाचित्र मी एक नंबरच्या फिल्टरने छापले आणि त्यावर समाधान मानले. कणकुंबीच्या पावसाने मात्र मला बराच काळ फसवले. धुक्यातल्या झाडांचे ते निगेटिव्ह इतके सपाट होते की मी सवयीने चार नंबर लावला. झाडे खणखणीत आली आणि धुके साफ गेले. पुन्हा दोन नंबरवर उतरलो तेव्हा कुठे पाऊस परतला. सपाट निगेटिव्ह दिसले की ते कडक करायलाच हवे, हा डार्करूममधला मोठा गैरसमज आहे असे माझे मत आहे.

आजोबांसाठी हल्ली मी दोन उजेड देतो: आधी दोन शून्यांच्या फिल्टरने निऱ्यांपुरता, मग पाच नंबरने बांधाच्या सावलीपुरता, आणि या दुसऱ्या वेळी तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलती ठेवतो. गेल्या रविवारी ट्रेमध्ये हे सगळे जमलेले दिसले. ओला प्रिंट नेहमीच उजळ दिसतो, हे माहीत असूनही मी खूश होऊन तो दोरीवर चिमटा लावून वाळत टाकला. सकाळी खिडकीपाशी नेऊन पाहिला तर चेहरा उत्तम होता, निऱ्या मात्र किंचित मळल्यासारख्या वाटत होत्या. पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवले: पहिला उजेड एक सेकंदाने कमी.