हापूस सोडून काय? कोकणातून ऑनलाइन धंद्याची कल्पना शोधताना

कोकणात कुणीही ऑनलाइन धंद्याचा विचार करू लागलं की पहिली आठवते ती हापूसची पेटी. कल्पना वाईट नाही, पण ती सगळ्यांचीच आहे. हंगाम मार्च ते मे एवढाच. फळ नाजूक. साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होणं, तर बाहेरून दिसतच नाही; गिऱ्हाइकाने आंबा कापल्यावरच कळतं आणि भरपाई तुमच्या खिशातून जाते. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ते चिन्ह पेटीवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीही हवी. स्वतःची बाग असेल त्याने जरूर करावं. बाकीच्यांनी वही घेऊन बसावं.

वहीत वस्तूंची यादी करू नका. कोकम, काजू, मसाला, फणसपोळी ही यादी घरोघरी पाठ आहे आणि तिच्यातून धंदा निघत नाही. पानावर तीन रकाने आखा: कोण अडलंय, वर्षाच्या कुठल्या दिवसांत अडलंय, आणि आज तो माणूस कसं भागवतोय. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर त्या अडचणीसाठी कुणी पैसे मोजेल याची खात्री धरू नका.

रकाने भरायला सर्वांत चांगली जागा म्हणजे दुसऱ्यांच्या मालाखाली आलेले एक-दोन चांदण्यांचे अभिप्राय. मोठ्या विक्री संकेतस्थळांवर आमसूल शोधा आणि फक्त नाराज गिऱ्हाइकं वाचा. खूप खारट, ओलसर, बुरशी आली, पिशवी फुटली अशा तक्रारी सापडतील. 'कमी मिठाचं आमसूल' ही कल्पना तिथेच जन्माला येते. पण लगेच हुरळून जाऊ नका. आमसूल करताना सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवतात आणि ते मीठच बुरशीला रोखतं. मीठ कमी केलं की सगळा भार वाळवण्यावर येतो. कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे वळवाचा एक पाऊस आला की वाळवण बसलं. म्हणून सौर वाळवणी यंत्र, हवाबंद जाड पिशवी आणि छोटं वजन या तिन्हींची सोय असेल तरच ही कल्पना धरा. टिकवण्याचं प्रमाण अंदाजाने ठरवू नका, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे फळप्रक्रियेच्या शिफारशी आहेत, त्या विचारून घ्या.

दुसरी जागा गूगल ट्रेंड्स. तिथले 0 ते 100 हे आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत, निवडलेल्या काळातल्या सर्वांत वरच्या टोकाशी तुलना दाखवतात. एका वर्षावर विसंबू नका, पाच वर्षांचा आलेख लावा. मागणी कुठल्या महिन्यात चढते आणि किती आठवड्यांत ओसरते एवढंच त्यातून घ्यायचं. तयारीला लागणारा वेळ त्या चढापासून मागे मोजा.

मग पार्सलची परीक्षा. बऱ्याच चांगल्या कल्पना इथेच पडतात. कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5000 ने भागतात आणि ते वजन प्रत्यक्ष वजनाहून जास्त भरलं तर त्याचे पैसे लावतात. समजा, सरबताची एक काचेची बाटली नीट गुंडाळून 35×15×15 च्या खोक्यात बसवली: 7875 भागिले 5000, म्हणजे 1.575 किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने दर असेल तर तुम्ही दोन किलोचे पैसे देता. 250 ग्रॅम आमसुलाची चपटी पिशवी पहिल्याच टप्प्यात जाते. त्यातही घरी पोचल्यावर पैसे ही सोय ठेवलीत आणि पार्सल परत आलं, तर बहुतेक वेळा जाण्याचं आणि येण्याचं असं दोन्ही भाडं तुमच्या माथी बसतं. नव्याने सुरू करताना आगाऊ यूपीआयच घ्या.

खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक लेबलवर हवाच. जीएसटीत मात्र सिंधुदुर्गातली मंडळी नेमकी अडकतात. करपात्र माल, उदाहरणार्थ मसाला, राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. बांद्याहून पणजी हाकेच्या अंतरावर वाटते, पण ती राज्याबाहेरची विक्री आहे. स्वतःच्या शेतातला ताजा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला ही नोंदणी लागत नाही.

इतकं सगळं तपासल्यावर आमचं मत सांगायचं तर कोकणातली जास्त भक्कम कल्पना पार्सलात मावतच नाही. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांची बंद घरं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नजर टाका: कुणीतरी कौलं बघून येईल का, पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मिळेल का, विजेच्या तारेवर फांदी आलीय, गणपतीआधी घर झाडून मिळेल का. तिसरा रकानाही आपोआप भरतो, कारण आज हे काम शेजाऱ्याच्या भिडेवर चालतं आणि भीड कधीतरी संपते.

ही सेवा अशी बांधा. महिन्याला एक ठरलेली फेरी, दर वेळी त्याच कोपऱ्यांतून तेच फोटो: छप्पर आतून, पन्हळी, भिंतींची ओल, वाळवी, विहिरीचा पंप, वीजमीटर. मेमध्ये पावसाळ्याआधीची वेगळी फेरी आणि चतुर्थीआधी साफसफाईची वेगळी. आपल्या राहत्या जागेपासून दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडचं घर घेऊ नका, पेट्रोल आणि वेळ दोन्ही फी खाऊन टाकतात. किल्ली घेताना घरातल्या वस्तूंचा व्हिडिओ मालकासमोर काढा. गड्याची मजुरी आणि तुमची फी एकत्र मागू नका, मजुरीच्या पावतीचा फोटो वेगळा पाठवा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. वादळ आलं की सगळे मालक एकाच दिवशी फोन करतात, तेव्हा एका दिवसात प्रत्यक्ष बघून होतील त्यापेक्षा जास्त घरं पहिल्या वर्षी घेऊच नका. आणि घर सामाईक असलं की एक भाऊ माड तोडायला सांगतो, दुसरा भांडायला येतो. सूचना देणारा माणूस एकच, त्याचं नाव लेखी, आणि झाड तोडणं किंवा बांधकाम यांसाठी सगळ्या हिस्सेदारांचा लेखी होकार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

चाचणीसाठी संकेतस्थळ लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर दर, फेरीचं वेळापत्रक आणि नमुन्याचा एक अहवाल टाका आणि ओळखीच्या बाहेरच्या दहा मालकांना पाठवा. "घ्याल का?" असं विचारलंत तर सगळेच हो म्हणतील. तीन महिन्यांची फी आगाऊ मागा. दहांत तिघांनी भरली तर मेची फेरी आखायला घ्या. एकानेही भरली नाही तर दर उतरवण्याआधी त्यांना फोन करून विचारा की सध्या घराकडे कोण बघतं आणि त्याला ते काय देतात.